तूर्त बंद

शेलूबाजारच्या चौकातून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला उकंडराव गावंड्यांचं स्लॅबचं घर आहे. खाली उकंडराव, त्यांची बायको गोजराबाई, दोन लेकांचे संसार अन् हंगामात सोयाबीनची पोती. वर दोन खोल्या, मधे प्लायवूडची भिंत. त्या खोल्यांत घरच्या दोन सुना सकाळी दहाला लॅपटॉप उघडून बसत. दोघी पुण्यातल्या एकाच कंपनीत कामाला. थोरली निता, धाकटी वर्षाराणी.

आधी वर एकच खोली होती अन् घरात एकच लॅपटॉप, तो निताचा. लग्नाआधी तिनं वाशीमला बीसीए केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली. धनराजशी लग्न ठरलं तेव्हा तिनं राजीनामा लिहूनही ठेवला होता. पण कंपनीचे रविकांत सर म्हणाले, "गावात नेट आहे ना? मग घरून करा." तेव्हा घरून नोकरी म्हणजे गावाला थट्टाच वाटे. शेजारची हिरीबाई गोजराबाईला विचारी, "तुही सून दिवसभर त्या पाटीसंग बोलत बसते म्हने?" हळूहळू थट्टा विरली अन् मान आला. कोणाचा पीकविम्याचा अर्ज अडला, कोणाच्या पोरीचा दाखला नेटवर दिसेना, की माणसं ओसरीवर येऊन बसत. "मोठ्या सूनबाईले जरा बलवा." निता खाली उतरे, चष्मा वर सरकवी अन् दोन मिनिटांत काम करून देई. हे तिला फार आवडे, पण तसं तिनं कधी कोणाला दाखवलं नाही.

मग धाकट्या राजूचं लग्न झालं. वर्षाराणी अनसिंगची, इंजिनियरिंग झालेली, पण हाताला काम नव्हतं. पहिले सहा महिने ती चुलीपुढे भाकरी थापत होती अन् भाकरी थापताथापता तव्याकडे असं पाही, जणू तिथं काही वाचायला लिहिलंय. निताला तिची कीव आली. तिनंच रविकांत सरांना फोन लावला. "सर, माझी जाऊ हुशार आहे. टेस्टिंगला घ्या, मी शिकवते."

आणि खरोखर शिकवलं. शेजारी बसवून, एकेक टेस्ट हाताला धरून. वर्षा सहा महिन्यांत शिकली अन् पुढच्या सहा महिन्यांत शिकवणारीच्या पुढं गेली. टेस्ट करताना चूक सापडली की ती नुसती कळवत नसे, दुरुस्त करूनच पाठवी. सरांनी तिला उचलून कोड लिहिणाऱ्यांत घेतलं. त्या दिवशी घरात पेढे आले आणि ते निताच्याच हातानं आळीत वाटले गेले.

फार वर्षांपूर्वी नितानंही एकदा थोडासा कोड लिहून सरांना पाठवला होता. सर म्हणाले होते, "छान आहे, पण तुमचा हात टेस्टिंगमध्येच बसलाय." निता इतकी वर्षं ते कौतुक म्हणून उराशी धरून होती. पेढे वाटून घरी येताना, रिकामा बॉक्स हातात असताना, तिला पहिल्यांदा शंका आली की सरांनी तेव्हा दार हळूच लावून घेतलं होतं.

त्यानंतर लहानसहान गोष्टी बोचायला लागल्या. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एका लॅपटॉपपुरतीच ताकद उरे. पूर्वी ती निताची असे. आता उकंडराव मामाजी जिन्याखालून ओरडत, "वर्षाचं चालू ठेवा रे, तिचं काम मोठं हाये!" ओसरीवर येणारी माणसं आता म्हणत, "धाकट्या सूनबाई हायेत का घरी?" निता वरून ऐके. एकदा ती म्हणून गेली, "मी बी हावो न घरी." माणूस ओशाळला. मग तिलाच लाज वाटली अन् तिनं त्याचा अर्ज भरून दिला.

त्या वर्षी पोळा झाल्यावर वर्षानं ते मोठं काम हाती घेतलं.

कंपनीचं सॉफ्टवेअर एका दणकट मशीनच्या पोटात वीस-पंचवीस वेगळी मशीनं चालवतं. ती दिसायला कुठं नसतात, पण प्रत्येकावर कोणाचा तरी कारभार चाललेला असतो: कुठं दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कुठं कॉलेजचे निकाल. या आतल्या मशीनांना मेमरी लागते, ती मोठं मशीन वाटून देतं. अडचण अशी की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायची तर आतली सगळी मशीनं बंद करावी लागत. वर्षानं मेमरी पुरवण्याची नवी सोय लिहिली. आतल्या मशीनची मेमरी एका सामाईक फायलीत ठेवायची. मग वरचं सॉफ्टवेअर खुशाल बदला, आतलं मशीन डोळा उघडतं तेव्हा त्याची सगळी आठवण जागच्या जागी. कंपनीत त्याला नवा मेमरी बॅकएंड म्हणायला लागले. सर तर मीटिंगमध्ये म्हणाले, "दहा वर्षांत इतकी सुंदर गोष्ट आपल्याकडे कोणी लिहिली नाही."

दहा वर्षांत. निता कंपनीत अकरा वर्षं होती.

नवरात्राच्या आधी काम पुरं झालं अन् तपासायला निताकडे आलं. बेचाळीस टेस्टा होत्या. चालतं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं, मधेच वीज तोडल्यासारखं करायचं, मेमरीतलं एकेक पान आधी जसं होतं तसंच नंतर आहे का ते पडताळायचं. पुण्याच्या सर्व्हरवर सगळं मिळून तीन दिवसांचं काम. निताला फक्त सुरू करून लक्ष ठेवायचं होतं.

"ताई, कवा लावता माह्यं?" वर्षानं जिन्यात विचारलं.

"लावतो न. हातातलं होऊ दे."

हातातलं खरंच होतं. करणचं एक काम होतं. पुण्याच्या ऑफिसात बसणारा हा पोरगा नेहमी शेवटच्या घटकेला द्यायचा. नितानं ते आधी घेतलं. मग कोणाचं तरी रंग बदलण्याचं फुटकळ काम होतं, तेही घेतलं. त्यात सोयाबीनची सोंगणी आली. वावरात मजूर, घरी डबे बांधायचे, थ्रेशरवाला आज येतो उद्या येतो. कारणांना तोटा नव्हता अन् एकही खोटं नव्हतं. पण रोज सकाळी यादी उघडली की निता वर्षाचं काम एक घर खाली सरकवी, आणि ते सरकवताना तिच्या छातीत गार वाटे.

"ताई, आज लागन का?"

"आज नाई जमनार. उद्या पाह्यतो."

वर्षा मान हलवून जाई. इतकी हुशार बाई आपल्या दारात उभी राहून विचारते, या गोष्टीची निताला चटकच लागली. संध्याकाळी भाजी निवडताना ती मनाशी म्हणे, उद्या लावू. आणि उद्या तिला वाटे, अजून एकदा विचारू दे.

असे एकोणीस दिवस गेले.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी अकरा वाजता मीटिंग होती. नवी आवृत्ती दुसऱ्या दिवशी ग्राहकांना जायची. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे चौकटीत. वर्षा भिंतीपलीकडे बसलेली. तिचा आवाज निताला आधी भिंतीतून अन् मग हेडफोनमधून ऐकू येई.

सर एकेक नाव घेत गेले. "आणि नवा मेमरी बॅकएंड. निताताई, तुमच्याकडून हिरवा कंदील?"

आता खरं सांगायचं तर सोपं होतं. राहिलं माझ्याकडून, चार दिवस द्या. सर चिडले असते, आवृत्ती चार दिवस पुढं गेली असती. निताच्या ओठांवर तेच वाक्य आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"सर, ते तपासलेलं नाही. मेमरीचा प्रश्न आहे. एक पान जरी इकडचं तिकडं झालं तर ग्राहकाला कळायच्या आत त्याची माहिती बिघडेल. न तपासलेली गोष्ट मी बाहेर जाऊ देणार नाही. ती सोय तूर्त बंद करा, कोड राहू द्या."

मग करण म्हणाला, "पॉइंट आहे सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हो. आहे. आपण सगळे कौतुकात वाहवत गेलो, हे बोलायला निताताईच लागल्या. वर्षा, तुझं काय म्हणणं?"

निता पडद्यावरच्या चौकटीत पाहत होती. वर्षाचा चेहरा हलला नाही. भिंतीपलीकडून आवाज आला, "बरोबर आहे सर. तपासलेलं नाही."

का तपासलं नाही, हे कोणी विचारलंच नाही. वेळ पुरला नसेल, सर्व्हर मोकळे नसतील, असं ज्यानं त्यानं मनाशी धरलं. बंद करण्याची ओळही निताकडेच आली. तिच्या आयुष्यातला ग्राहकापर्यंत जाणारा पहिला कोड तो. सोयींच्या यादीतून एक नाव काढायचं अन् खाली कारण लिहायचं. तिनं लिहिलं: चाचणी झालेली नाही, म्हणून तूर्त बंद. लिहिताना बोटं भराभर चालली. दुपारी सरांचं पत्र सगळ्या कंपनीला गेलं. शिस्त म्हणजे काय, ते निताताईंकडून शिका. नितानं ते तीनदा वाचलं.

जेवायला दोघी खाली आल्या. गोजराबाईनं पिठलं केलं होतं. वर्षानं निताच्या ताटात भाकर वाढली, वर कांदा फोडून ठेवला.

"ताई, ती ओळ तुमीच लिहिली का?"

"हाव."

"चांगली लिहिली," वर्षा म्हणाली अन् पाण्याचा तांब्या भरायला उठली.

तो सगळा दिवस निताला गोड गेला. दुसरा निम्मा गेला. दुपारी ती गोजराबाईबरोबर गच्चीवर उडीद वाळत घालत होती, तेव्हा सासू सहज बोलली, "वर्षाचा बाप येनार होता परवा. आता नाई येत म्हने."

"काहून?"

"काय ठावं बाई. तुमच्या कंपनीचा कायतरी कागद निघते न, नवं काय काय केलं त्याचा? त्याच्यात पोरीचं नाव छापून येनार होतं. त्यानं तिले सांगतलं होतं, मले त्याची झेरॉक्स पायजे, गावात दाखवतो. वर्षानं काल फोन करून सांगतलं, बाबा, आता नाव नाई येत, चुकीचं ऐकलं होतं मी." गोजराबाईनं उडदात हात फिरवला. "तिचंच चुकलं असन. पन आवाज पडला होता पोरीचा."

नितानं त्या माणसाला दोनतीनदा पाहिलं होतं. बारीक, लाजाळू, लेकीच्या सासरी चहासुद्धा अर्धाच पिणारा. यादीतून तिनं एक नाव काढलं होतं. आवृत्तीचा कागद करण तयार करी; त्यामागं त्यानं त्यातून दुसरं, वर्षाचं, काढलं होतं.

खाली येऊन तिनं लॅपटॉप उघडला अन् एकवीस दिवसांनी बेचाळीस टेस्टा सुरू केल्या.

पश्चात्तापानं केल्या असं म्हणता येणार नाही. सुरू करताना तिच्या मनात एकच गोष्ट होती: यात चूक निघू दे. एक निघाली तरी पुरे. एक चूक निघाली की आपण केलं ते बरोबर ठरेल, उशीर केला तोही शहाणपणाचा ठरेल. तिनं देवाला असं मागणं कधी मागितलं नव्हतं. तीन दिवस ती दर तासाला पडदा पाही. पहिली टेस्ट हिरवी. पाचवी हिरवी. मशीन हलवलं, हिरवं. वीज तोडली, हिरवं. मेमरीची पानं पडताळली, लाखो पानं, सगळी जागच्या जागी. ती प्रत्येक हिरव्यापुढची नोंद पुन्हा उघडून पाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदतिसावी लाल झाली.

निता खुर्चीतून अर्धी उठली. तिनं तपशील उघडला, वर पाहिलं, खाली पाहिलं. चूक होती, पण ती तिचीच. टेस्टमध्ये तिनं जुन्या सर्व्हरचं नाव ठेवलं होतं, तो सर्व्हर श्रावणातच काढून टाकलेला. नाव बदललं, पुन्हा लावली. हिरवी. दुपारपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस हिरव्या.

म्हणजे वर्षानं लिहिलेलं निर्मळ होतं.

पुढची आवृत्ती तीन महिन्यांनी होती. तोवर गप्प बसलं तर कोणी विचारणार नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं, आता तपासलं, चांगलं आहे, चालू करा. पुन्हा एक पत्र आलं असतं, पुन्हा शिस्त.

दुपारी ती धनराजचा डबा घेऊन वावरात गेली. सोयाबीनची सुडी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, झाकून तो बाभळीखाली बसला होता. निता शेजारी बसली, डबा उघडला अन् झाकण हातात धरून तशीच राहिली.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. सगळं नाही, टेस्टांचं तेवढं. राहून गेल्या म्हणाली.

धनराज जेवत ऐकत होता. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, पण बायको कळे. "राह्यल्या का ठेवल्या?"

"सोंगनी होती, करणचं काम होतं..."

"मी ते नाई विचारून राह्यलो."

नितानं हातातलं झाकण खाली ठेवलं.

"तू तिच्यावर जळतं का?"

"मी कायले जळू? मीच आनलं न तिले या कामाले!"

"त्याच्यानंच," धनराज म्हणाला. त्यानं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. निताला त्याचा राग आला. परतताना पांदीच्या वाटेनं चालता चालता ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती. मी अकरा वर्षं काम केलं. मी पहिली होती या घरात. मी नसती तर ती अजून भाकरीच थापत असती. भांडता भांडता घर आलं, आणि दारात पाय ठेवताना तिच्या ध्यानात आलं की ती म्हणत होती त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, अन् त्यातलं एकही वर्षाचा गुन्हा नव्हता.

ती चपला न काढता जिना चढली. वर्षाच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"वर्षा, तुह्या बेचाळीसच्या बेचाळीस पास झाल्या."

वर्षानं वळून पाहिलं. "मले माहीत हाये ताई. मघाशीच पाह्यलं."

"कसं पाह्यलं?"

"सर्व्हरवर नोंद राह्यते न. कोनती टेस्ट कवा सुरू झाली, कवा संपली. तुमीच शिकवलं होतं मले ते पाह्याले." तिनं लॅपटॉप मिटवला. "मी रोज सकाळी पाहत होती. एकोनीस दिवस. करणचं चालू, त्या रंगाच्या कामाचं चालू. माह्यी ओळ रिकामीच."

निता दाराच्या चौकटीला टेकली. "मंग मीटिंगमंदी काहून नाई बोलली?"

"काय बोलू? तुमी म्हनलं ते खरंच होतं. तपासलं नव्हतं." वर्षाचा आवाज आता चढला, पहिल्यांदाच. "अन् मी म्हनली असती का तपासलं नाई कारन हिनं तपासलं नाई, तं सगळ्यायले वाटलं असतं दोघी जावायचं घरातलं भांडन कंपनीत आनलं. मले कोनी कोड लिहिनारी म्हनून पाह्यलं नसतं मंग. चुलीपुढची बाई म्हनून पाह्यलं असतं. तुमाले बी."

"मी मुद्दाम केलं," निता म्हणाली. वाक्य बाहेर आलं तेव्हा तिला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. "तू दारात येऊन विचारायची न, ते मले बरं वाटे. एवढंच. तुह्या बाबाचं मले ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तं?"

निताला हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही. वर्षाचे डोळे भरले. तिनं ओढणीनं पुसले.

"तुमी मले कामाले लावलं, त्याच्यानं एकदा गप बसली मी. दुसऱ्यांदा नाई बसनार, ताई. आताच सांगून ठेवतो."

"नको बसू," निता म्हणाली. "ती ओळ मी काढतो. आताच."

"नाई. ती मी काढीन. तुमी फक्त सरायले लिहा काय झालं ते."

निता आपल्या खोलीत आली. पत्र लिहायला तिला दोन तास लागले, अन् झालं ते चार ओळींचं. सगळ्या टेस्टा पास आहेत. त्या वेळेत झाल्या नाहीत याला वेळ किंवा सर्व्हर कारण नव्हतं. मी त्या मुद्दाम मागं ठेवल्या. वर्षाराणीच्या कामात काही खोट नव्हती. माझ्याबद्दल आलेलं पत्र मला लागू होत नाही. ज्यांना ते पत्र गेलं होतं त्या सगळ्यांना तिनं हे पाठवलं. पाठवल्यावर लॅपटॉप मिटला, खाली गेली अन् कोणी सांगितलं नसताना अख्खा माठ घासला.

सरांचा फोन पाच वाजता आला. ते रागावले नाहीत, त्याचाच निताला जास्त त्रास झाला. "सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण निताताई, वर्षाचं काम यापुढे करण तपासेल. काही महिने तरी." ताई म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. निता बरं म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "सर, मी तेव्हा कोड पाठवला होता, आठवतं तुम्हाला? तो खरंच चांगला नव्हता का?"

"आठवत नाही हो," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते.

नव्या आवृत्तीची वाट न पाहता दिवाळीआधीच एक लहान दुरुस्ती ग्राहकांना गेली. त्यात वर्षानं ती ओळ काढली होती, सोय चालू झाली होती अन् कागदावर तिचं नाव होतं. घरात धनराजशिवाय कोणाला यातलं काही कळलं नाही. उकंडरावांना एवढंच कळलं की धाकट्या सुनेचं काहीतरी मोठं झालं, अन् त्यांनी चौकातून जिलबी आणली. नितानं दोन वेढे खाल्ले. तिला अजूनही बोचलंच. तिनं मनाला बजावून पाहिलं, पण ते बोचणं सांगून जाणारं नव्हतं.

दोघींत भांडण असं झालं नाही. वर्षा ताईच म्हणे, ताटात भाकर वाढी. पण पूर्वी ती दुपारचा चहा घेऊन निताच्या खोलीत येऊन बसे, ते बंद झालं. ती आपला कप घेऊन भिंतीपलीकडे जाई. निता भिंतीतून बशीचा आवाज ऐके.

हरभरा काढायला आला तेव्हा करणला दुसरी नोकरी लागली अन् तो गेला. नवा माणूस येईपर्यंत वर्षाचं पुढचं काम पुन्हा निताकडे आलं. सरांनी विचारलं होतं, "वर्षा, चालेल ना?" अन् भिंतीपलीकडून जरा उशिरानं उत्तर आलं होतं, "चालेल. पण सुरू कधी करणार ती तारीख ताईंनी आधी लिहून द्यावी. सगळ्यांनीच द्यावी, माझ्यासकट." सरांना कल्पना आवडली. नितानं तारीख लिहिली: आज.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक टेस्ट लाल झाली. नितानं आधी आपली चूक शोधली. सर्व्हरची नावं, आकडे, सगळं पडताळलं. तिची नव्हती. तिसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लाल. आतलं मशीन घाईनं बंद केलं की मेमरीची फाईल मोकळी होत नव्हती, तशीच पडून राही. शंभरदा केलं तर मोठ्या मशीनची जागा संपली असती. चूक वर्षाची होती आणि खरीखुरी होती.

निताच्या छातीत ते ओळखीचं गार वाटलं. तिनं ते नाकारलं नाही. मिनिटभर हात मांडीवर ठेवून तशीच बसली. मग कंपनीत कळवायच्या आधी लॅपटॉप उचलून ती भिंतीपलीकडे गेली.

"वर्षा, एक सापडली. पाह्य बरं."

वर्षाचा चेहरा पडला. तिनं ओळी वर-खाली केल्या, ओठ चावला. "तुमच्या टेस्टमंदी तं नाई न काही?"

"तीनदा पाह्यलं. नाई."

"थांबा." वर्षा वाचत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. "माह्यंच चुकलं हो ताई. बंद कराले विसरली मी. एवढी सोपी गोष्ट."

"होते."

"कळवा तुमी सरायले."

"तू दुरुस्त कर, मंग दोन्ही संगच कळवतो."

"नाई," वर्षा म्हणाली. "आधी चूक कळवा. तुमी सापडवली तं तुमच्या नावानं जाऊ द्या." तिनं स्टुलावरची कपड्यांची घडी उचलून पलंगावर टाकली अन् स्टूल पायानं निताकडं सरकवलं. "बसा. अन् सांगा, शंभरदा केलं तं काय होते म्हनता?"

निता बसली अन् सांगायला लागली.